प्रकाशाची गाळणी



या व्याख्यानमालेत विद्वानांचे विषय मोठे असतात. माझा आजचा विषय खिशात मावेल एवढा आहे. कॅमेऱ्याच्या भिंगापुढे, म्हणजे लेन्सपुढे, जी काच लावतात तिला फिल्टर म्हणतात. उघड्यावर छायाचित्रे काढणाऱ्या हौशी माणसाने हे फिल्टर कोणते घ्यावेत, किती घ्यावेत, आणि ते लेन्सवर बसवण्याची कोणती पद्धत पत्करावी, एवढेच मला सांगावयाचे आहे. विषय लहान खरा; परंतु त्यात पैसा पुष्कळ जातो, आणि कधी कधी पैशापेक्षा मोलाचे असे काही जाते. ते कसे, हे आधी माझ्याच फजितीवरून सांगतो.

मी धंदेवाईक छायाचित्रकार नव्हे. शाळेत पदार्थविज्ञान शिकवण्यात माझे आयुष्य गेले, आणि सुटीच्या दिवशी कॅमेरा गळ्यात अडकवून डोंगर हिंडण्याचे वेड तेवढे जडले. पंचवीसेक वर्षांपूर्वी, रोल भरावयाच्या कॅमेऱ्याच्या दिवसांत, भाद्रपदातल्या एका दुपारी मी वडिलांना घेऊन पन्हाळ्यावर गेलो होतो. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. पाऊस नुकताच थांबला होता, ऊन कलले होते, आणि तटावरचे ओले दगड आरशासारखे चकाकत होते. ही चकाकी घालवण्याकरता मी पोलरायझर नावाचा फिल्टर लावला आणि ती नाहीशी होईपर्यंत फिरवला. इतक्यात अण्णांनी हाक मारली. त्यांच्यामागे, पूर्वेच्या ढगावर, इंद्रधनुष्याच्या कमानीचा एक पाय उभा होता. "हे येऊ दे रे फोटोत," ते म्हणाले, आणि सदऱ्याची गुंडी लावून ताठ उभे राहिले. माणूस उभा, म्हणून मी कॅमेरा उभा धरला, अण्णांच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि बटण दाबले.

पंधरा दिवसांनी फोटो हातात आला. अण्णा सुरेख आले होते. दगड पहिल्यासारखेच चकाकत होते. इंद्रधनुष्य मात्र नव्हते! अण्णांनी फोटो उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "गाळणी झकास आहे रे तुझी. चोथा तेवढा ठेवलास आणि चहा सांडलास."

झाले होते ते असे. इंद्रधनुष्याचा प्रकाश ध्रुवीकृत असतो; म्हणजे त्याची कंपने चोहोबाजूंना न होता मुख्यतः एकाच दिशेने होतात. कमानीच्या खालच्या पायाजवळ ही दिशा जवळजवळ उभी असते, आणि ओल्या सपाट दगडावरून परतणाऱ्या चकाकीत ती आडवी असते. मी पोलरायझर असा लावला होता की आडवे अडावे आणि उभे यावे. ते बरोबरच होते. पण कॅमेरा उभा करताच फिल्टरही त्याच्याबरोबर पाव फेरा फिरला, आणि नेमके उलटे झाले. कॅमेरा वळवला की पोलरायझर पुन्हा जुळवून पाहावा लागतो, एवढी साधी गोष्ट पदार्थविज्ञानाच्या मास्तरला त्या घटकेस सुचली नाही.

परंतु अण्णांच्या त्या थट्टेत आजच्या विषयाचे सगळे सार आले आहे. फिल्टर ही गाळणी आहे. गाळणी चहात साखर घालीत नाही की आल्याचा स्वाद आणीत नाही. ती फक्त काहीतरी अडवते. दुकानात पेटीवर रम्य चित्रे छापलेली असतात, आणि ही काच लावली की तसले आकाश आपल्यालाही मिळेल असे वाटते. मिळत काही नाही, जाते. म्हणून फिल्टर घेण्यापूर्वी 'याने माझ्या चित्रात काय येईल?' असे न विचारता 'याने माझ्या चित्रातून काय जाईल, आणि ते गेलेले मला हवे आहे काय?' असे विचारावे.

या प्रश्नाचे उत्तर ज्याला ठाऊक असते त्याच्या हातून काय घडते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतले आहे. कॅलिफोर्नियात योसेमिटी नावाचे खोरे आहे आणि त्यात हाफ डोम नावाचा प्रचंड उभा कडा आहे. १० एप्रिल १९२७ रोजी अँसेल अ‍ॅडम्स नावाचा पंचवीस वर्षांचा तरुण बर्फ तुडवीत त्या कड्यासमोर पोहोचला, तेव्हा त्याच्यापाशी काचेच्या दोनच प्लेटी उरल्या होत्या. त्याने पहिली पिवळ्या फिल्टरमधून घेतली. मग त्याच्या ध्यानात आले की, कडा पाहून मनावर जो धाक बसला तो या चित्रात उतरणार नाही. त्याने गडद लाल फिल्टर लावला आणि शेवटची प्लेट घेतली. लाल काचेने आकाशाचा निळा प्रकाश अडवला, आकाश काळेभोर झाले, आणि तो कडा त्यातून एखाद्या महाकाय शिल्पासारखा पुढे आला. लाल काच पुष्कळांच्या पेटीत होती. आकाशातले काय काढून टाकावयाचे हे त्याने बटण दाबण्यापूर्वी ठरवले होते.

मग आपणही लाल, पिवळ्या, हिरव्या काचांचा संच विकत घ्यावा काय? माझे उत्तर, नको. अ‍ॅडम्सच्या प्लेटीवर रंग नव्हते. जे निवडावयाचे ते तिथल्या तिथे निवडणे भाग होते. आजचा डिजिटल कॅमेरा तांबडा, हिरवा आणि निळा असे तिन्ही भाग नोंदवून ठेवतो. चित्र कृष्णधवल करताना निळा भाग दाबून आकाश काळे करणे हे घरी संगणकावर होते. चित्राला ऊब किंवा गारवा देणाऱ्या पिवळसर-निळसर काचांचेही तसेच. ते काम आता कॅमेऱ्यातील व्हाइट बॅलन्सकडे गेले. तेव्हा पहिला नियम असा: जे काम मागाहून घरी बसून करता येते त्यासाठी डोंगरावर काच वाहून नेऊ नये. जे नंतर कोणत्याही उपायाने होत नाही त्यासाठीच फिल्टर घ्यावा.

या चाळणीतून पाहिले तर दुकानातील कपाटापैकी दोनच काचा निर्विवाद उरतात. पहिली पोलरायझर.

या काचेमागे एक शतकाहून मोठी हकिगत आहे. १८०८ साली पॅरिसमध्ये माल्यूस नावाचा शास्त्रज्ञ लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परतणारा संध्याकाळचा सूर्यप्रकाश एका स्फटिकातून पाहत होता. स्फटिक फिरवताच दिसणाऱ्या दोन प्रतिमांचे तेज कमी-जास्त होऊ लागले. परतलेला प्रकाश साध्या प्रकाशाहून वेगळा असतो, हे त्यावरून त्याच्या लक्षात आले. पुढे १९२९ साली अमेरिकेत एडविन लँड याने हेच काम करणाऱ्या पातळ पत्र्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, आणि मोठ्या स्फटिकाचे काम सामान्य माणसाच्या हाती आले.

या दोन सालांच्या मधला प्रसंग आपल्या घरचा आहे. १९२१ च्या सप्टेंबरात चंद्रशेखर वेंकट रामन 'नारकुंडा' बोटीने विलायतेहून परत येत होते. समुद्राचा निळा रंग म्हणजे केवळ आकाशाचे प्रतिबिंब, असे लॉर्ड रॅलेसारख्या थोर शास्त्रज्ञाचे मत होते. रामन यांच्याजवळ एक निकोल प्रिझम होता. तोही प्रकाशाचे ध्रुवीकरण तपासण्याचेच साधन. पृष्ठभागावरचे प्रतिबिंब ज्या कोनातून जवळजवळ पुरे पुसता येते त्या कोनातून त्यांनी पाण्याकडे पाहिले. प्रतिबिंब गेले आणि निळाई गेली नाही. उलट ती अधिक गडद झाली. म्हणजे रंग पाण्याच्या पोटातला होता! बोट मुंबई बंदरात आली तेव्हा तेथूनच त्यांनी 'नेचर' नियतकालिकासाठी पत्र लिहिले. ज्या विचारमालिकेची परिणती २८ फेब्रुवारी १९२८ च्या रामन परिणामात आणि १९३० च्या नोबेल पारितोषिकात झाली, तिची ही सुरुवातीची पायरी होय. आपण बाजारातून आणतो तो पोलरायझर हेच करतो: वरचा मुलामा काढून खालचा रंग दाखवतो.

आणि हे संगणकाला करता येत नाही. चकाकीखाली पानाचा रंगच नोंदला गेला नसेल, तर तो नंतर आणावयाचा कोठून? सह्याद्रीत श्रावणात हिरवेगार रान असूनही फोटोत ते पांढुरके का येते, असे पुष्कळ जण विचारतात. प्रत्येक ओले पान ढगाळ आकाशाचा आरसा झालेले असते, हे त्याचे कारण. पोलरायझर फिरवा, आणि रान आपल्या खऱ्या हिरवेपणाने पुढे येते. पाण्याच्या बाबतीत पृष्ठभागाशी सुमारे ३७ अंशांचा कोन साधला तर प्रतिबिंब सर्वांत अधिक जाते आणि तळाचे गोटे दिसू लागतात. मात्र धातूवरच्या चकाकीवर याचा इलाज चालत नाही.

आकाशाचे गणित हातावर करता येते. तर्जनी सूर्याकडे रोखा, अंगठा तिच्याशी काटकोनात धरा, आणि तर्जनी न हलवता मनगट फिरवा. अंगठा जेथे जेथे जाईल तेथले आकाश पोलरायझरने सर्वांत गडद होईल. सकाळ-संध्याकाळी हा पट्टा उत्तर-दक्षिण असा डोक्यावरून जातो. तेव्हा सूर्योदय टिपताना पोलरायझरचा आकाशासाठी उपयोग जवळजवळ नाही. आणि लेन्स फार रुंद दृश्य घेणारी असेल, म्हणजे अठरा-वीस मिलिमीटरची, तर आकाशाचा मधला भाग काळानिळा आणि कडा फिकट असे डागाळलेले चित्र येते. अशा वेळी काच काढून खिशात ठेवावी.

निर्विवाद असलेली दुसरी काच म्हणजे एनडी. हिचा रंग करडा. ती सगळेच रंग सारखे अडवते आणि केवळ प्रकाश कमी करते. हेतू हा की शटर अधिक वेळ उघडे राहावे आणि वाहते पाणी रेशमासारखे यावे, धावते ढग ओढले जावेत. काळ हाही नंतर विकत आणता येत नाही, म्हणून ही काच हवी.

गिऱ्हाईक इथे आकड्यांच्या गोंधळात सापडते. एका पेटीवर ८, दुसरीवर ०.९, तिसरीवर ३ स्टॉप असे लिहिलेले असते, आणि तिन्ही काचा एकच असतात! एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा. तीन वेळा निम्मा केला की आठवा हिस्सा उरतो, म्हणून ८. आणि प्रत्येक स्टॉपला ०.३ धरले की ०.९. याच रीतीने ६४, १.८ आणि ६ स्टॉप एक, १०००, ३.० आणि १० स्टॉप एक. एका सेकंदाच्या साठाव्या भागात निघणारे चित्र सहा स्टॉपच्या काचेने सुमारे एक सेकंद घेईल आणि दहा स्टॉपच्या काचेने सुमारे सतरा सेकंद. आपल्याकडचे धबधबे बहुधा ढगाळ हवेत, झाडीच्या सावलीत असतात; तेथे सहा स्टॉप पुरून उरतात, पुष्कळदा एकटा पोलरायझरच दीड-दोन स्टॉप खाऊन काम भागवतो. दहाची काच भर उजेडातल्या समुद्रासाठी. पहिली घ्यावयाची तर सहाची घ्यावी. दोन्हींना तिपाई लागते; आणि काच फार काळी असेल तर फोकस आधी साधून मग ती बसवावी.

दोन ध्रुवीकारक काचा एकावर एक बसवून बनवलेला, फिरवून कमी-जास्त होणारा एनडीही मिळतो. चलच्चित्रे घेणाऱ्यांना तो सोयीचा आहे. पण रुंद लेन्सवर तो पुरता फिरवला की चित्रावर फुलीसारखी काळी छाया पडते.

आता वादाची काच. अर्धी करडी आणि अर्धी स्वच्छ अशी ग्रॅज्युएटेड एनडी. आकाश फार उजळ आणि जमीन अंधारी असली की काळा भाग आकाशावर धरावयाचा. गुहागरच्या किनाऱ्यावर उभे राहा: क्षितिज पट्टीने आखल्यासारखे सरळ, तेथे ही काच चपखल बसते. तीच घेऊन हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर जा: क्षितिजाला सुळके, कडे, खिंडी, काचेची रेघ सरळ. आकाशाबरोबर सुळक्यांचे माथेही काळे होतात, जणू कोणी शाई सांडली आहे. तेथे दोन निरनिराळ्या प्रकाशमानाची चित्रे घेऊन नंतर जोडणे बरे. आपला मोबाइल फोन हे न सांगता करीत असतो. उलट लाटा उसळत असतील तर दोन चित्रे जुळत नाहीत आणि काचच उपयोगी पडते. तेव्हा दर्यावर्दी माणसाने ही घ्यावी, गडकऱ्याने तूर्त थांबावे.

राहिली यूव्ही. डिजिटल कॅमेऱ्याच्या संवेदकापुढे अतिनील प्रकाश अडवणारी काच बहुधा मुळातच बसवलेली असते. म्हणून चित्र सुधारण्यासाठी ही घेण्याचे कारण उरले नाही. वाळू आणि खाऱ्या तुषारांपासून लेन्सचे रक्षण एवढे काम ती करते. पण एक ध्यानात ठेवा: लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो. हजारो रुपयांच्या लेन्सपुढे खिडकीची काच लावल्यासारखे ते होते, आणि दिवाळीच्या रात्री प्रत्येक पणतीचे एक भूत चित्रात हजर होते. घ्यावयाचीच तर चांगल्या लेपाची घ्यावी, आणि रात्री काढून ठेवावी.

आता पद्धतीचा प्रश्न. मार्ग दोन. एक, लेन्सच्या आट्यांवर फिरवून बसवावयाची गोल काच. दुसरा, लेन्सवर एक चौकट, म्हणजे होल्डर, बसवून तिच्या खाचांत चौकोनी काचा सरकवावयाच्या. हा दुसरा मार्ग १९७८ पासून फ्रान्सच्या कोकिन कंपनीने हौशी लोकांत रुळवला. आज साधारण ८५, १०० आणि १५० मिलिमीटर रुंदीचे असे संच मिळतात. १०० चा सर्वांत रुळलेला. १५० चा फुगीर भिंगाच्या, आटे नसलेल्या फार रुंद लेन्सकरता.

चौकटीचा मोठा गुण एकच: ग्रॅज्युएटेड काच वर-खाली सरकवून क्षितिजावर आणता येते, गोल काचेत रेघ मध्यावर कायमची अडकलेली असते. पण चौकट अवजड, काचा मोठ्या, हाताळताना बोटांचे ठसे उठतात, राळेच्या असतील तर चरे पडतात, काचेच्या असतील तर फुटतात. कड्यावरच्या वाऱ्यात ती शिडासारखी वारा धरते, आणि पावसात काच आणि लेन्स यांच्या फटीत थेंब शिरतात. सह्याद्रीत हिंडणाऱ्याला, आणि तेही पावसाळ्यात, गोल काचच बरी असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याचे मन समुद्रावरच रमते आणि ज्याला तिपाईपाशी तासभर उभे राहण्याचा कंटाळा नाही, त्याने खुशाल १०० ची चौकट घ्यावी.

गोल काच घेताना सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे प्रत्येक लेन्सकरता वेगळी काच घेणे. मी ती केली आहे. माझ्या खणात अजून चौदा काचा पडून आहेत, त्यांतल्या अकरा कोणत्याच लेन्सला बसत नाहीत. आपल्या लेन्सपैकी सर्वांत मोठ्या तोंडाची कोणती ते पाहा. झाकणाच्या आत किंवा लेन्सच्या कडेवर व्यासाची खूण करून ५८, ६७, ७७ असा आकडा असतो. समजा तो ७७ निघाला. मग ७७ चाच एक उत्तम पोलरायझर आणि एक सहा स्टॉपचा एनडी घ्या, आणि लहान लेन्सकरता ५८ वरून ७७, ६७ वरून ७७ अशा स्टेप-अप रिंगा घ्या. त्या स्वस्त असतात. लहान काच मोठ्या लेन्सवर मात्र चढवू नये. चित्राचे कोपरे काळे होतात. रिंग लावली की लेन्सची छत्री, म्हणजे हूड, बहुधा बसत नाही. तेव्हा उन्हात टोपीची सावली धरावी. आणि काचेवर काच, त्यावर तिसरी काच, असा मजला चढवू नये.

घेताना दोन परीक्षा दुकानातच कराव्यात. पोलरायझरची कॅमेऱ्याकडची बाजू डोळ्याशी धरून संगणकाच्या पडद्याकडे पाहा आणि तो फिरवा. बहुतेक पडदे एका जागी काळे होतात. काहीच फरक पडला नाही तर दुसऱ्या पडद्यावर पाहा, आणि तरीही नाही पडला तर दुकानदाराला नमस्कार करून बाहेर पडा. एनडीची परीक्षा पांढऱ्या कागदावर: काचेशिवाय एक आणि काचेतून एक चित्र घ्या. दुसऱ्यात कागद तांबूस किंवा निळसर दिसला तर ती काच रंगाच्या बाबतीत निःपक्षपाती नाही.

एक इशारा कळकळीने देतो. कितीही काळी असली तरी एनडी काचेतून सूर्याकडे डोळ्याने पाहू नये, ग्रहणातही नाही. दहा स्टॉपची काच हजारावा हिस्सा प्रकाश आत सोडते. सूर्यासाठी बनवलेला फिल्टर लाखावा हिस्सा सोडतो. शिवाय न दिसणारे अवरक्त किरण साध्या एनडीतून पुष्कळ निसटतात. डोळा जळताना दुखत नाही, म्हणून माणूस पाहतच राहतो. चित्र पुन्हा काढता येते, डोळा पुन्हा मिळत नाही.

म्हणजे हिशेब एवढाच: एक पोलरायझर, एक सहाचा एनडी, दोन रिंगा, आणि त्या पुसायला एक मऊ फडके. वर्षभर यांवर काढा. वर्षअखेर आपली चित्रे पसरून पाहा, आणि 'येथे आणखी एखादी काच असती तर' असे ज्या चित्राबद्दल मनापासून वाटेल, तीच काच पुढे घ्या. पाच चित्रांबद्दल तसे वाटले नाही, तर काही घेऊ नका.

अण्णांचा तो फोटो माझ्या टेबलावर आहे. पुढचा पावसाळा त्यांनी पाहिला नाही. संगणक जाणणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्याने त्यात इंद्रधनुष्य रंगवून देतो असे मोठ्या प्रेमाने सांगितले होते. मी त्याला नको म्हटले. ते तेथे होते, अण्णांनी ते मला दाखवले, आणि माझ्या काचेने ते गाळले. फोटोवर आता एवढेच खरे लिहिले आहे, ते तसेच राहू द्यावे असे वाटते. मात्र त्या दिवसापासून कॅमेरा आडव्याचा उभा केला की माझे बोट आपोआप काचेच्या कडेवर जाते, आणि बटण दाबण्यापूर्वी मी एकदा काच काढून, नुसत्या डोळ्यांनी समोर पाहतो. काय गाळावयाचे ते ठरवण्याआधी समोर काय काय आहे हे पाहिले पाहिजे. एवढी सवय तुम्ही माझ्यासारखी किंमत न मोजता लावून घेतलीत, तर आजची संध्याकाळ सार्थकी लागली असे मी समजेन.